रस्ता वर, घर खाली: सांगलीकडच्या एका वसाहतीतलं पाणी आणि दहा गुंठ्यांचं मैदान

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीच्या आसपासच्या एका वसाहतीतलं. वसाहतीचं नाव, वॉर्ड, माणसांची नावं सगळी गाळलीत, आणि जिथं घोळ झाला तिथं नुसतं 'पालिका' म्हणतो, कारण कुणाला झोडायला हे लिहीत नाहीये. मी लायसन्स इंजिनिअर, रोजचं काम म्हणजे लोकांचे प्लॅन पास करून आणणं, भोगवटा दाखला, गुंठेवारीच्या फायली वगैरे. मेहुण्याचं घर त्या वसाहतीत आहे म्हणून यात ओढला गेलो, नाहीतर फुकटचा सल्ला द्यायला आजकाल कुणाला वेळ आहे.

जागा आधी समजून घ्या. पूर्वी तिथं ऊस होता, काळीभोर जमीन. नंतर त्यातल्या अडीच एकरावर रीतसर एन.ए. (बिगरशेती) लेआउट झाला, मास्तर, बँकेतले लोक, एसटीतले रिटायर असे तिथं आले. लेआउट 0.4 हेक्टरच्या वर असला की 10 टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, तशी तिथं दहा गुंठ्यांची मोकळी जागा राहिली. बाकी आजूबाजूला गुंठेवारी. एक गुंठा, दीड गुंठा, स्टँपवर घेतलेली जागा, मार्केट यार्डातले हमाल, रिक्षावाले, हळदीच्या कामाला जाणाऱ्या बायका. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं यातली बरीच घरं नियमित झाली, 2021 ला मुदत वाढली तेव्हा अजून काही झाली. पण नियमित झालं म्हणजे कागद झाला, गटर झालं नाही, आणि मैदान तर गुंठेवारीत कुणी सोडलेलंच नसतं.

आता सांगलीत पाणी म्हणलं की लोक सरळ महापुरावर जातात. 2005, 2019, 2021. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या दगडांवर आमच्याकडं सगळ्यांचे डोळे असतात, 1929 चा पूल, 40 फूट इशारा, 45 फूट धोका, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. पण ते पाणी आपल्या पावसाचं नसतंच, महाबळेश्वर आणि कोयना खोऱ्यात कोसळतं, कराडला कोयना कृष्णेत मिळते आणि मग ते आपल्या दारात येतं, खाली हरिपूरला वारणा असतेच. या प्रकरणातलं पाणी हे नव्हे. हे साधं आपलंच, जूनमधला वळीव म्हणा किंवा सप्टेंबरमधला तासाभराचा सडाका म्हणा, पडतो आणि आठ आठ दिवस दारातनं हलत नाही. दोन पाण्यांत गल्लत झाली की सगळी चर्चा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर जाते आणि दारातलं गटर तसंच राहतं. पहिल्या मीटिंगचा अर्धा तास अलमट्टीतच गेला, खोटं नाही सांगत.

अडचण काय होती

गुंठेवारीतल्या मुख्य गल्लीचा रस्ता, 9 मीटर रुंद, 340 मीटर लांब. पंचवीस वर्षांत आधी मुरूम, मग खडीकरण, मग डांबर, मग त्या डांबरावर परत डांबर. दरवेळी खालचं तसंच ठेवून वर थर. घरं जिथल्या तिथं, रस्ता मात्र वाढत गेला आणि शेवटी अंगणापेक्षा दीड फूट वर आला. म्हणजे गल्लीचा बांध झाला आणि घरं त्या बांधाच्या दोन्ही अंगाला खड्ड्यात. एका काकींनी उंबऱ्यावर तीन विटांची भिंत बांधलेली, ती ओलांडून आत जायचं, आणि त्या भिंतीपाशी प्लॅस्टिकचं टमरेल कायम ठेवलेलं पाणी उपसायला.

2023 ला पालिकेनं त्याच रस्त्यावर काँक्रीटचं एस्टिमेट केलं, 20 सेंटीमीटर जाडी, आहे त्या डांबराच्या वर. लोक खूश. नारळ फोडायची तयारी, त्या वेळी प्रशासक होते पण माजी नगरसेवक पुढं होतेच. मेहुण्यानं सहज मला फोटो पाठवला की बघ आमच्याकडं पण सिमेंट रोड आला. मी म्हणलं अरे बाबा, अजून आठ इंच वर जाणार तो.

त्याच वेळी लेआउटवाल्यांनी अर्ज दिलेला की आमच्या ओपन स्पेसमध्ये पाणी साचतं, ती मुरमानं भरून द्या आणि सभामंडप बांधून द्या. म्हणजे दोन कामं, दोन फायली, दोन वेगळे टेबल. एकात रस्ता उचलायचा आणि दुसऱ्यात आख्ख्या वसाहतीतली शेवटची सखल जागा बुजवायची. दोन्ही कामं लोकांनीच मागितलेली. नियोजन चुकलं की आपण पालिकेकडं बोट करतो, पण इथं बोट निम्मं आपल्याकडंच होतं.

लेव्हल काढली तेव्हा

माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं काम हेच झालं, आणि त्याला दीड दिवस लागला. ओळखीच्या सर्व्हेअरची डंपी, म्हणजे लेव्हल मोजायची दुर्बीण, आणली, शाळेच्या पायरीचा कोपरा बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण, धरला आणि प्रत्येक घराचं अंगण, उंबरा, रस्त्याचा मध्य, मोकळी जागा, नाल्याचा तळ असे सगळे आकडे घेतले. लोकांना डंपीतलं काय दिसत नाही, त्यांना वाटतं हा दुर्बिणीतनं काय बघतोय, म्हणून मग एका गवंडी अण्णांनी आपली लेव्हल बघायची पाण्याची नळी काढली आणि दोन्ही टोकं दोन घरांच्या भिंतीला धरून दाखवली. ती नळी बघितल्यावर गल्ली गप्प झाली. तुमच्या उंबऱ्याच्या वर रस्ता आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण किती आहे ते बोटानं दाखवल्यावर वेगळंच वाटतं.

आणि खरी गोष्ट दुसरीच निघाली. लेआउट करताना मालकानं सगळे प्लॉट आणि आतले रस्ते दोन फूट मुरूम टाकून उचललेले. फक्त ओपन स्पेस भरली नव्हती, ती मूळ उसाच्या शेताच्या लेव्हललाच राहिली, कारण विकायची जागा नाही तिथं मुरूम कोण टाकतोय. त्यामुळं लेआउटमधलं पाणी काही त्या मोकळ्या जागेत आणि बरंचसं सरळ खालच्या गुंठेवारीत जात होतं. आत्तापर्यंत लेआउटवाले म्हणायचे "त्यांचं पाणी आमच्या मैदानात येतं", ते उलटं होतं.

एका म्हाताऱ्या आजोबांनी, त्यांचं तिथं वाट्याचं रान होतं, हातातल्या काठीनं दाखवलं की ऊस असताना इथनं चारी जायची, त्या कोपऱ्यातनं नाल्याला मिळायची. त्या चारीवर आता दोन घरं, एक पिठाची गिरणी आणि एक बंद पडलेलं सार्वजनिक संडास.

विकास आराखड्याच्या नकाशात हे काही दिसत नाही. आराखडा करताना आधी विद्यमान भूवापर नकाशा करतात, कुठं राहती घरं, कुठं दुकानं, कुठं शेती. मग रहिवासाला पिवळा, मैदानाला हिरवा असे रंग येतात. पण रंगाला उंची नसते. नदीकाठी तरी निळी रेषा आणि लाल रेषा आहे, 25 वर्षांतनं एकदा येणारा पूर आणि 100 वर्षांतनं एकदा येणारा, त्यावरनं बांधकामाला बंदी किंवा निर्बंध लागतो. नदीपासनं लांब आतल्या वसाहतीत पावसाचं पाणी कुठनं कुठं जातं त्याला अशी कुठली रेषा आमच्या नकाशात नव्हती, आणि मी स्वतः वीस वर्षं असल्या नकाशांवर प्लॅन पास करतोय, मला पण कधी खटकलं नव्हतं.

पर्याय काय होते

पहिला पर्याय, आहे तसं होऊ द्यायचं. रस्ता होतोय, मंडप होतोय, पैसे मंजूर, कुणाशी भांडण नाही. ज्यांच्या घरात पाणी येतं ते उंबरा अजून उचलतील. हा पर्याय कागदावर कुणी लिहिला नव्हता पण सगळ्यात जोर त्याचाच होता, कारण निधी परत जाईल ही भीती. "साहेब, आधी रोड पदरात पाडून घेऊ, गटर नंतर बघू," हे मी किमान दहा जणांकडनं ऐकलं.

दुसरा, शोषखड्डे. हा कुणीतरी मीटिंगमध्ये काढतोच, गावोगावी केलेत म्हणून. पण काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी आत घेतच नाही, उन्हाळ्यात मात्र तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा. पहिल्या पावसाला खड्डा चालतो आणि दुसऱ्याला तो नुसता हौद होतो. एका घरामागं खड्डा होताच, त्यात जून ते दिवाळी पाणी. तो दाखवला आणि विषय संपला.

तिसरा, मोठी पाइप टाकून सगळं पाणी लगेच नाल्याला काढायचं. ऐकायला बरोबर. पण नाला 280 मीटर अंतरावर आणि मोकळ्या जागेपासनं त्याच्या तळापर्यंत उतार थोडा, आणि पाऊस जोरात असतो तेव्हा नाला स्वतःच भरलेला असतो. सगळ्यांनी एकदम पाणी सोडलं तर ते खालच्या वस्तीत जाणार, म्हणजे आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात.

चौथा, जो शेवटी घेतला. जुने थर उकरून रस्ता अंगणाच्या खाली न्यायचा, पाणी रस्त्याच्या कडेच्या उघड्या चॅनेलनं मोकळ्या जागेत आणायचं, ती जागा भरायच्या ऐवजी अजून दोन फूट खोल करायची आणि तिथनं बारक्या पाइपनं सावकाश नाल्याला सोडायचं. पावसाळ्यात काही तास तळं, बाकी वर्षभर मैदान.

हिशोब साधा होता, तो मी फळ्यावरच मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. या मोकळ्या जागेकडं उतरणारा भाग साधारण चार हेक्टर, म्हणजे दहा एकर. 50 मिलिमीटरचा सडाका आला तर 20 लाख लिटर पडतं, त्यातलं मी अंदाजे 60 टक्के वाहून येईल असं धरलं, 12 लाख. दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर, दोन फूट खोल केली तर 6 लाख लिटर मावतं. दहा हजार लिटरचे साठ टँकर. निम्मं पाणी तिथं थांबलं की उरलेल्याला जायला वाट मिळते. महापुराला याचा काडीचा उपयोग नाही हेही त्याच फळ्यावर लिहिलं, नाहीतर पुढं लोक म्हणाले असते की इंजिनिअरनं फसवलं.

निर्णय कसे झाले

सगळ्यात अवघड मैदानाचं. लेआउटमधल्या एका रिटायर सरांनी सरळ विचारलं, "आम्ही पाणी काढा म्हणतोय आणि तुम्ही साचवा म्हणताय? आणि डेंग्यू झाला तर?" प्रश्न बरोबर होता. डासाच्या अंड्यापासनं डास व्हायला आठवडाभर तरी जातो, म्हणून अट ठेवली की पाणी दोन दिवसांच्या वर थांबता कामा नये, थांबलं तर डिझाइन नापास. ही अट मी नाही, त्या सरांनीच कागदावर लिहून घेतली आणि त्यांची सही पहिली झाली.

माझ्याबरोबर एक तरुण आर्किटेक्ट पोरगी होती, तिनं मोबाइलवर नेदरलँड्सच्या रॉटरडॅममधल्या बेंथेमप्लाइन चौकाचे फोटो दाखवले, 2013 ला केलेला, एरवी पोरं खेळतात आणि पावसात त्यात पाणी धरतात. फोटो मस्त. लोकांनी बघितले आणि म्हणाले ते तिकडं ठीक आहे हो. मग ते आजोबा म्हणाले, "म्हंजे शेततळंच की, पण वाळणारं." झालं, त्यानंतर सगळे त्याला वाळतं तळं म्हणायला लागले आणि अर्धा विरोध तिथंच मावळला.

वाळायचा प्रश्न पण त्यांच्याच शेतकरी पुतण्यानं सोडवला. मिरज, वाळवा, शिरोळ पट्ट्यात क्षारपड जमिनीत लोक सच्छिद्र पाइप पुरतात, जादा पाणी निचरून बाहेर काढायला. तो म्हणाला मैदानाच्या तळाला तेच करा, वर वाळूचा थर द्या, पाणी गेल्यावर चिखल राहणार नाही. मी कॉलेजात शहरी निचरा शिकलेलो, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

सभामंडपाचं काय? मंडळाची पोरं नाराज, गणपती कुठं बसवायचा. गणपती नेमका पावसातच येतो. मग तोड निघाली की मैदानाच्या रस्त्याकडच्या कडेला लांबट दगडी कट्टा करायचा, रस्त्यापेक्षा उंच, त्यावर गणपती, आणि मैदानात उतरायला पायऱ्या, त्याच बसायला. कडेनं झाडं करंज, जांभूळ, अर्जुन, ज्यांना पाय ओले चालतात. कडुनिंब बऱ्याच जणांना हवा होता, त्याला साचलेलं पाणी मानवत नाही म्हणून तो शाळेकडच्या उंच बाजूला दिला.

पालिकेत दोन्ही फायली एका टेबलवर आणायला चार महिने गेले. ते लिहीत बसत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. एवढंच की एक तरुण ज्युनिअर इंजिनिअर स्वतः पावसात येऊन उभा राहिला, गुडघाभर पाण्यात, आणि मग त्यानंच एस्टिमेट बदललं. तो नसता तर काही झालं नसतं.

काय झालं

पुढच्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. 250 मीटर रस्ता उकरून खाली गेला. शेवटच्या 90 मीटरला जेसीबी लावला तर पाण्याची मेन लाइन फुटावर निघाली, ती हलवायला वेगळं खातं, वेगळी मंजुरी, आणि पाऊस तोंडावर. कॉन्ट्रॅक्टरनं तिथं आहे त्याच्या वरच काँक्रीट ओतलं. त्यामुळं आता रस्त्याला मधे एक चढ आहे, खालून येणारा मोटारसायकलवाला तिथं उडतो, आणि त्या 90 मीटरमधली घरं आधीपेक्षा जास्त खड्ड्यात.

मैदान मात्र चाललं. पहिल्या मोठ्या पावसात संध्याकाळी सहाला भरायला लागलं, रात्री कट्ट्यावर सगळी वसाहत छत्र्या घेऊन बघायला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तळ दिसला. तिसऱ्या दिवशी पोरं क्रिकेट खेळत होती. 250 मीटरमधल्या घरांत पाणी आलं नाही. त्या काकींनी विटांची भिंत मात्र काढली नाही, म्हणाल्या अजून एक पावसाळा बघते.

दुसऱ्या वर्षी पाइपचं तोंड गुटख्याच्या पुड्या आणि कॅरीबॅगनी बंद झालं, पाणी चार दिवस थांबलं. रिटायर सर तो सहीचा कागद घेऊन माझ्या दारात. जाळी कुणी साफ करायची हे आम्ही कुठंच लिहिलं नव्हतं. आता मंडळाची पोरं करतात, पावसाळ्यात दर रविवारी, पण पोरं आज आहेत उद्या पुण्याला जातील. दुसरं, नदी चढली की नाला उलटा फुगतो आणि ते पाणी याच पाइपनं मैदानात मागं येतं. तिथं एकाच बाजूला उघडणारी झडप हवी होती. डिझाइनमध्ये मी दाखवली होती, खर्च कमी करताना गेली, आणि मी हट्ट धरला नाही.

आज परत करायचं झालं तर

एस्टिमेटच्या आधी रस्त्यात पाच सहा ठिकाणी हातानं खड्डे घेऊन पाण्याची लाइन किती खोल आहे ते बघितलं असतं. मजुरांचं दोन दिवसांचं काम. त्या नव्वद मीटरचं सगळं रामायण त्यात वाचलं असतं. आणि झडप सोडली नसती, झाडं पुढच्या वर्षी लावता येतात, झडप पाइपबरोबरच बसते.

लेव्हल काढायच्या आधी मीटिंग घेतली ती पण चूक. आकडे नसताना माणसं बाजू घेतात आणि एकदा घेतलेली बाजू सोडणं जड जातं. आणि त्या मीटिंगला बाप्येच जास्त होते. पाणी कुठनं शिरतं, किती वाजता शिरतं, कुठल्या गटारीतनं आधी फुगतं हे घरातल्या बायकांना तंतोतंत माहीत होतं, ते आम्ही फार उशिरा विचारलं. एका वहिनींनी सांगितलेली पाणी जायची मोरी आमच्या सर्व्हेत नव्हतीच, तिच्यावर कुणाचा तरी गोठा होता.

धोरणाचं म्हणाल तर मला दोनच गोष्टी पायजेत. एक, पालिकेनं प्रत्येक गल्लीच्या रस्त्याची कमाल लेव्हल ठरवून ती शाळेच्या किंवा टाकीच्या भिंतीवर रंगवून ठेवावी, त्याच्या वर कुठलाही थर जाणार नाही, नवा करायचा तर जुना उकरा. आम्ही प्लॅनमध्ये जोतं रस्त्यावरनं धरतो आणि तो रस्ताच दर पाच वर्षांनी वर सरकतो, मग जोत्याला काय अर्थ राहिला. दुसरं, लेआउट मंजूर करताना ओपन स्पेस कुठं हे विकणाऱ्याच्या सोयीनं ठरतं, वाकडातिकडा उरलेला कोपरा तिकडं. ती सगळ्यात सखल जागीच असावी आणि भरता येणार नाही अशी अट मंजुरीतच टाकावी. यातली पहिली सूचना आम्ही लेखी दिलीय, दुसरी आराखड्याच्या हरकती मागवतील तेव्हा द्यायची म्हणून टाइप करून ठेवलीय.

त्या नव्वद मीटरमधल्या अकरा घरांपुढं अजून वाळूची पोती आहेत. पाण्याची लाइन खाली घ्यायचं काम पुढच्या वर्षीच्या यादीत घातलंय असं सांगितलंय, जावक नंबर मेहुण्याकडं आहे.